भोंग्याला माहीत नाही

माझ्या मामाला सगळं गाव भोंगा म्हणतं. मीही म्हणते, फक्त त्याच्या तोंडावर नाही. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तुम्हाला तसं वाटेल, आणि त्या महिन्यात मलासुद्धा तीन-चारदा तसं वाटलं होतं.

माझी आई त्याची थोरली बहीण. ती सांगते की लहानपणी हा पडला तर आधी "पडलो!" म्हणून ओरडायचा, आजूबाजूला माणसं जमली की मग रडायला लागायचा. अभ्यासात बेताचा, पण आवाज असा की मागच्या गल्लीतली तान्ही मुलं दचकून उठायची. एकोणिसाव्या वर्षी त्याने एक जुनी सायकल, एक कर्णा आणि एक बॅटरी जमवली आणि जाहिराती पुकारायला लागला. पुढे सायकलची तीनचाकी झाली, तीनचाकीची छोटी व्हॅन झाली, एका कर्ण्याचे चार झाले. माणूस मात्र तसाच राहिला.

बाजारातल्या चादरींच्या दुकानाचा सेल त्याने अकरा वर्षं पुकारला. अकरा वर्षं तो सेलचे शेवटचे दोन दिवस चालू होते. सर्कस आली तेव्हा "कधीही न पाहिलेला सिंह" असं तो आठवडाभर ओरडत होता. तो सिंह दर दोन वर्षांनी यायचा, झोपूनच असायचा, आणि पोरंसोरं त्याला ओळखत होती. निवडणुकीत सकाळी एका उमेदवाराची गाडी फिरवायचा आणि जेवून झालं की त्याच्या विरोधकाची. दोघांसाठी शब्द तेच, कळवळा तोच. एकदा कुणाची तरी शेळी हरवली. ती पुकारताना मामाने शेळीला इतकं सुस्वभावी आणि देखणं करून टाकलं, की शेळी सापडली तरी मालक म्हणाला, ही माझी नव्हे.

आता अशा माणसाच्या घरात काय होत असेल, त्याचा विचार करा. लग्नाआधी त्याने मामीला सांगितलं होतं की माझी स्वतःची गाडी आहे आणि घर बागेसमोर आहे. गाडी म्हणजे ती सायकल. बाग म्हणजे समोरच्या बाल्कनीतली एक कुंडी. मामी पहिल्या दिवशी खिडकीत उभी राहून बराच वेळ त्या कुंडीकडे बघत होती म्हणे. मग तिने पद्धत बसवली. हा म्हणाला वीस माणसं जेवायला येणार, तर ती दोघांचं करायची. हा म्हणाला मरणाचा ताप आलाय, तर ती त्याला बाजारातून बटाटे आणायला पाठवायची. चौतीस वर्षांत तिचा अंदाज एकदाही चुकला नाही, आणि त्यामुळे शेवटी शेवटी तिने ऐकणंच सोडून दिलं. तो बोलत असला की ती मान हलवायची आणि मनात भाजीचा विचार करायची. हे तिनेच मला सांगितलंय.

मी गावच्या आरोग्य कार्यालयात कारकून आहे. जन्माची नोंद, लसीच्या पेट्या, तक्रारवही, हे माझं राज्य. दीड वर्षापूर्वी आमच्याकडे नव्या डॉक्टरबाई आल्या. कामाला वाघ, बोलायला तुटक. एक दिवस त्यांनी वरून आलेलं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. त्यात लिहिलं होतं की सार्वजनिक आरोग्याच्या आणीबाणीत जोखीम संवाद साधण्याची क्षमता प्रत्येक कार्यालयाने उभारावी. मी ते तीनदा वाचलं.

"म्हणजे काय करायचं, मॅडम?"

"साथ आली, पाणी बिघडलं, तर लोकांना काय सांगायचं, कधी सांगायचं, कुणी सांगायचं, हे आधी ठरवून ठेवायचं. लोकांनी घाबरून धावतही सुटता कामा नये आणि खुशाल झोपूनही राहता कामा नये. आपल्याकडे सांगणारं कोण आहे?"

आमच्याकडे सांगणारं कुणी नव्हतं. एक कर्णा होता, त्यात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. तिथेच मी माती खाल्ली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, "माझा मामा आहे. स्वतःची गाडी आहे, चार कर्णे आहेत, आणि आवाज अख्ख्या गावाला माहीत आहे."

बाईंना वाटलं, आवाज माहीत आहे म्हणजे चांगलंच. मलाही तसंच वाटलं. नवीन माणसाचं ठीक आहे, पण मी तर ह्याच गावात वाढले होते.

शहरातून एक प्रशिक्षिका तीन दिवसांसाठी आल्या. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या खोलीत भिंतभर तक्ते चिकटवले. शिकणारे आम्ही चौघं होतो: डॉक्टरबाई, एक नर्स, मी आणि मामा. मामा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला. एकच रांग होती. पहिल्या तक्त्यावर तीन वाक्यं होती. लवकर सांगा. खरं सांगा. माहीत नसेल तर माहीत नाही असं सांगा.

मामाने हात वर केला. "पहिल्याला माझी ना नाही. दुसरंही जमवू. पण तिसऱ्यात छपाईची चूक आहे."

"चूक नाही," प्रशिक्षिका म्हणाल्या. "लोकांना सगळ्यात जास्त विश्वास त्याचाच वाटतो, जो आपल्याला काय माहीत नाही तेही सांगतो."

"बाई, चाळीस वर्षं माइक हातात धरतोय. माइक घेऊन 'माहीत नाही' म्हणायचं असेल, तर माणसाने माइक घ्यावाच कशाला? घरी बसावं."

मग तालीम झाली. प्रशिक्षिका घाबरलेल्या नागरिक झाल्या आणि मामाला विचारायला लागल्या, "साथ कधी संपणार?" मामाने म्हणायचं होतं, "आत्ता माहीत नाही, कळलं की सांगेन." तो उभा राहिला, घसा खाकरला, तोंड उघडलं आणि म्हणाला, "लवकरच! अगदी लवकरच! वाट पाहा!" पुन्हा केलं. "अंतिम टप्प्यात!" पुन्हा केलं. त्याचं तोंड 'माही'पर्यंत जायचं, तिथे अडखळायचं, आणि आतून काहीतरी भलतंच बाहेर पडायचं. शेवटी प्रशिक्षिकांनी त्याला आरशासमोर उभं केलं. अर्ध्या तासाने मी बघायला गेले तर तो आरशाला सांगत होता, "हे केवळ जाणकारांनाच माहीत!" प्रशिक्षिकांनी हात टेकले.

तिसऱ्या दिवशी रंगीत तालीम होती. गावात खरोखर गाडी फिरवायची, पाणी दूषित झाल्याचं नाटक करायचं आणि लोक काय करतात ते बघायचं. कागद मी स्वतः टाइप केला होता. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, हा फक्त सराव आहे. मामा म्हणाला, पहिल्याच ओळीत हवा काढून घेतली तर पुढचं कोण ऐकेल? ती ओळ त्याने शेवटी नेली आणि सेलच्या अटी म्हणतात तशी एका दमात म्हटली. उरलेलं मात्र त्याने मन लावून केलं.

"ऐका हो ऐका! उकळलेलं पाणी! फक्त उकळलेलं पाणी! आजच, आत्ताच, आपल्या आरोग्य कार्यालयाकडून! संधी दवडू नका!"

साडेअकराला कार्यालयासमोर पहिली बादली आली. बाराला रांग चौकापर्यंत गेली होती. बादल्या, कळशा, दुधाचे कॅन, एका म्हाताऱ्याच्या हातात फुलदाणी. सगळ्यांना वाटलं की सरकार उकळलेलं पाणी फुकट वाटतंय. मी दारात उभी राहून घसा फोडून सांगत होते की हा सराव आहे, पाणी तुम्हीच उकळायचंय, आणि तेही आज नाही. पुढची बाई म्हणाली, "म्हणजे संपलं का?" रांगेत मागे कुजबुज पोचली की पाणी संपलं, आणि ढकलाढकली सुरू झाली. शेवटी डॉक्टरबाईंनी आमची चहाची किटली गॅसवर चढवली आणि प्रत्येकाला एकेक कप उकळलेलं पाणी देऊन वाटेला लावलं. एकशे चाळीस कप. दुपारी दोनला म्हातारा पुन्हा आला आणि म्हणाला, माझ्या फुलदाणीला गळती आहे, ह्याला जबाबदार कोण?

प्रशिक्षिका जाताना माझ्याजवळ थांबल्या. "आवाज उत्तम आहे," म्हणाल्या, "पण त्या आवाजावर कुणाचा विश्वास नाही. त्यांच्या तोंडून जे येईल ते लोकांना विकायलाच काढलेलं वाटतं." त्यांनी काही चुकीचं सांगितलं नव्हतं, आणि म्हणूनच मला भयंकर राग आला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. संध्याकाळी मी मामाकडे गेले आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं.

तो म्हणाला, "पण बघ ना, किती माणसं आली!"

डॉक्टरबाईंनी त्याला काढलं नाही, कारण आमच्या कर्ण्यातल्या गांधीलमाश्या अजून तिथेच होत्या. म्हणाल्या, दुसरं कुणी मिळेपर्यंत राहू दे. दुसरं कुणी मिळायच्या आतच खरं घडलं.

सोमवारी सकाळी खालच्या भागातली अकरा मुलं उलट्या-जुलाबाने दवाखान्यात आली. खालचा भाग म्हणजे कालव्याकडच्या पाच गल्ल्या. बाईंनी नळाचं पाणी तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास उत्तर आलं. सांडपाण्याची नळी कुठेतरी फुटून पिण्याच्या नळीत झिरपत होती. कुठे फुटली ते सापडलं नव्हतं. मुलांची संख्या तोवर सव्वीस झाली होती. घोषणा दुपारी तीनला करायची ठरली, कारण तोपर्यंत बाईंना वरची परवानगी आणायची होती.

मामा त्या पाचांतल्या तिसऱ्या गल्लीत राहतो. आणि त्या आठवड्यात त्याची लेक माहेरी आली होती, दोन वर्षांच्या मुलीला घेऊन. ती पोर दिवसभर "पाणी, पाणी" करत पेला घेऊन नळाखाली उभी असते. मामाने तपासणीचं उत्तर ऐकलं आणि तो परवानगीबिरवानगी विसरून घरी धावला. तासाभराने परत आला तेव्हा त्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता.

"काय झालं रे?"

"सांगितलं तुझ्या मामीला. म्हटलं, अगं, नळातून विष येतंय, महाभयंकर संकट आहे. म्हणाली, बरं. आणि भाजी चिरायला लागली."

"मग तू स्वतः उकळायचंस ना!"

"ठेवलं ना पातेलं गॅसवर! तिने बंद केलं. म्हणाली, गॅस काय झाडाला लागतो? तिच्या स्वयंपाकघरात मला चमचा हलवायची परवानगी नाही, तुला माहीत आहे. लेकीला सांगितलं, तर ती हसली. म्हणाली, बाबा, मागच्या महिन्यात भूकंप येणार होता, त्याचं काय झालं?"

मी लगेच मामीला फोन लावला. "मामी, ह्या वेळी मामा खरं सांगतोय गं. पाणी उकळ. निदान बाळाचं तरी."

"तू त्याचीच भाची," मामी म्हणाली. "मागच्या आठवड्यात त्याच्या पुकारण्यावरून शेजारणींनी मला दुधाचा कॅन घेऊन रांगेत उभं केलं आणि तुमच्या कार्यालयाने मला एक कप पाणी दिलं. तुमचं सगळं घराणंच भोंग्याचं आहे. ठेव आता, पोरगी झोपलीय." आणि फोन ठेवला.

मामा खुर्चीत बसला. टेबलावरचा स्टेपलर उचलून त्याची उगाच उघडझाप करत राहिला. मग म्हणाला, "पोरीला काही झालं तर?" मला पहिल्यांदाच त्याच्या आवाजात काहीही विकायला काढलेलं जाणवलं नाही. मलाही रडू यायला लागलं, म्हणून मी त्याच्यावर ओरडले आणि त्याला गाडी काढायला लावली.

तीन वाजता आम्ही निघालो. मी त्याच्या शेजारी, मांडीवर कागद, हातात फोन. कागद मी वाचून दाखवला, त्याने तो तसाच वाचायचं कबूल केलं. लांडगा आला रे आलाची गोष्ट मी त्याला वाटेत ऐकवणार होते. पण त्याच्याकडे बघून गप्प बसले.

पहिल्या गल्लीत त्याने शब्दन्‌शब्द कागदावरचा वाचला. सावकाश, सरळ. "खालच्या भागातल्या नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आहे. सव्वीस मुलं आजारी आहेत. पाणी खदखदून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा आणि मगच प्या." एक खिडकी उघडली. एका माणसाने ओरडून विचारलं, "आज काय स्वस्त आहे, भोंग्या?" दुसऱ्या गल्लीत तीन बायका बादल्या घेऊन खाली आल्या आणि गाडीच्या मागे पाण्याची टाकी शोधायला लागल्या. एक पोरगं गाडीबरोबर धावत त्याची नक्कल करत होतं आणि सगळी गल्ली हसत होती. गल्लीच्या तोंडावर एक बाई नळाला तोंड लावून पाणी पीत होती. मला जाऊन तिची मान धरावीशी वाटली.

तिसरी गल्ली त्याची स्वतःची. मामाने गाडी मधोमध थांबवली आणि कागद परत वाचला. लोक गच्चीवर, खिडक्यांत, पायऱ्यांवर येऊन बसले होते, कारण मागच्या आठवड्यातली किटलीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि दुपारी दुसरा उद्योग नव्हता. वरच्या मजल्यावर मामी खिडकीत आली. कडेवर नात, नातीच्या हातात पेला.

समोरच्या कुंडीवाल्या बाल्कनीतून एका म्हातारबुवांनी विचारलं, "अरे, हे किती दिवस चालणार?"

अख्खी गल्ली एका सुरात ओरडली, "शेवटचे दोन दिवस!"

हशा पिकला. मामाने माइक तोंडापाशी नेला. मी त्याच्या मानेवरच्या शिरेकडे बघत होते. ती शीर मला माहीत आहे, ती फुगली की 'अंतिम टप्प्यात' येतं. मी डोळे मिटून घेतले.

"माहीत नाही," मामा म्हणाला.

चार कर्ण्यांतून ते गेलं. हशा एकदम थांबला नाही. आधी जवळची माणसं थांबली, मग लांबची. कुणीतरी म्हणालं, "काय म्हणाला?" दुसऱ्याने त्याला सांगितलं, "म्हणाला माहीत नाही." "कोण, भोंगा?" "भोंगा."

म्हातारबुवा बाल्कनीच्या कठड्यावरून वाकले. आता ते हसत नव्हते. "गाळून घेतलं तर चालेल का?"

"मला माहीत नाही," मामा म्हणाला. "थांबा, विचारून सांगतो." आणि त्याने माइक बंद केला. चाळीस वर्षांत गल्लीच्या मधोमध त्याने स्वतःहून माइक बंद केल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मी फोन लावला, बाईंनी सांगितलं, मी त्याला सांगितलं. त्याने माइक सुरू केला. "नाही चालत. गाळून कचरा जातो, जंतू जात नाहीत. उकळायचंच. मोठ्या बाईंना विचारून सांगतोय."

आता प्रश्नांवर प्रश्न यायला लागले. भांडी धुवायला चालेल का? नळी कुठे फुटलीय? दुसऱ्याचं उत्तर परत "माहीत नाही, शोधतायत" असंच होतं, आणि दर वेळी तो तसं म्हणाला की आणखी दोन-तीन माणसं पायऱ्यांवरून उठून गाडीजवळ येत होती. दुसऱ्या गल्लीतली एक बादलीवाली बाई आली, नक्कल करणारं पोरगं आलं. मी खुश झाले होते. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात म्हातारबुवांनी शेवटचा प्रश्न विचारला. "भोंग्या, तुझ्या घरी उकळलं का?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं. मी असते तर म्हटलं असतं, आणि वर "सकाळपासून" असंही जोडलं असतं. तो वर बघत नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "बायको माझं ऐकत नाही. तिची चूक नाही. मी चौतीस वर्षं तिला काहीबाही सांगत आलोय. पण नात घरात आहे हो. दोन वर्षांची आहे. मला फार भीती वाटतेय."

वरची खिडकी धाडकन बंद झाली. संपलं, मला वाटलं. आता ही बाई माहेरी जाणार, आणि जाताना मला दोन ठेवून देणार. जिन्यावर चपलांचा आवाज आला. मामी खाली आली, नात कडेवर, पदर खोचलेला. गर्दीने तिला वाट दिली. ती सरळ गाडीशी आली, नातीला माझ्या मांडीवर आदळलं आणि मामाच्या हातातून माइक ओढून घेतला. माइक कसा धरतात ते तिला ठाऊक नव्हतं, तिने तो लाटण्यासारखा धरला. मामाने दोन्ही हात डोक्यावर घेतले.

"ऐका," मामी म्हणाली. "माझ्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. ह्या माणसाला माहीत नाही असं ह्या माणसाने आज पहिल्यांदा म्हटलंय. सगळ्यांनी गॅस पेटवा."

कर्णे किंचाळले आणि तिने माइक परत त्याच्या मांडीवर टाकला. नातीच्या हातातला पेला काढून घेऊन तिने गटारात रिकामा केला. गल्ली रिकामी व्हायला मिनिटसुद्धा लागलं नाही. उघड्या खिडक्यांतून पातेली वाजायला लागली, लायटर टकटकायला लागले. म्हातारबुवा बाल्कनीतून ओरडत होते, "माझा लायटर कुठाय? कुणी घेतला माझा लायटर?" मी हसत होते आणि रडतही होते, आणि नात माझा फोन चाटत होती.

पुढच्या दोन गल्ल्यांत आम्हाला फारसं बोलावंच लागलं नाही. बातमी आमच्या आधी पोचली होती. भोंग्याला माहीत नाही म्हणे, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. संध्याकाळी बाईंनी वर पाठवायचा अहवाल माझ्याकडून लिहून घेतला. 'संवादासाठी वापरलेली पद्धत' ह्या रकान्यात काय लिहू, असं मी विचारलं. त्या पेनाचं टोपण लावत म्हणाल्या, रिकामा सोड.

फुटलेली नळी पाचव्या दिवशी सापडली. आजारी मुलं एकेक करून घरी गेली, नातीला काही झालं नाही. ह्या सगळ्या दिवसांत मामा रोज दोनदा फिरायचा. लोक त्याला हटकून विचारायचे, आणि तो माहीत असलं तर सांगायचा, नसलं तर नाही म्हणायचा. त्याला त्याची चटकच लागली. चादरवाल्याने नवीन सेलसाठी बोलावलं, तर गाडीमागून कुणीतरी ह्याला विचारलं, "खरंच शेवटचे दोन दिवस का?" हा माइकवरच "माहीत नाही" म्हणाला आणि काम गेलं. घरीसुद्धा मामीने विचारलं की मीठ कुठे ठेवलंस, तर तो विचार करून, प्रामाणिकपणे "मला माहीत नाही" म्हणायचा. मीठ त्याच्या हातात असायचं. मामी मला फोन करून म्हणाली, "आधीचा बरा होता गं."

सोळाव्या दिवशी पाण्याचा तिसरा नमुना स्वच्छ आला. डॉक्टरबाईंनी सही करून कागद दिला, आणि आम्ही सकाळी दहाला गाडी काढली. तिसऱ्या गल्लीत मामाने थांबून वाचलं. "पाणी आता चांगलं आहे. तीनदा तपासलं. उकळायची गरज नाही." खिडक्या उघडल्या, पण कुणी हललं नाही. सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. पहिला घोट कुणी घ्यायचा, हा खरा प्रश्न होता.

मामी खिडकीत आली. आज पोर कडेवर नव्हती, लेक तिला घेऊन सासरी गेली होती. मामीने वरूनच विचारलं, "नक्की?"

मामाने कागदाकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. "नक्की," तो म्हणाला.

मामी आत गेली. नळाचा आवाज आला. ती भरलेला पेला घेऊन खिडकीत आली आणि सगळ्या गल्लीसमोर उभ्या उभ्या घटाघट प्यायली. मग पदराने तोंड पुसलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. मामाने माइक उचलला, तोंडापाशी नेला आणि परत खाली घेतला. त्याने तो माझ्या हातात दिला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसायला लागला. उरलेल्या दोन गल्ल्यांत घोषणा मीच केली. माझा आवाज फाटका आहे, पण लोकांनी ऐकून घेतलं.